रेस अडकते: दोष पेडलचा, वायरचा की थ्रॉटलचा?

जुनी गाडी गॅरेजमध्ये नेऊन "रेस अडकते" असं सांगितलं की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: "वायर बदलून टाकू." वायर बदलली जाते. नवी वायर हलकी चालते, त्यामुळे काही दिवस बरं वाटतं, आणि मग तीच तक्रार परत सुरू होते. पेडल दाबल्यापासून इंजिनला हवा मिळेपर्यंत मध्ये तीन वेगवेगळ्या जागा आहेत. अडथळा तिन्ही ठिकाणी येऊ शकतो आणि पायाला तो तिन्ही वेळा जवळपास सारखाच लागतो, त्यामुळे नुसत्या तक्रारीवरून निदान होत नाही. कुठली जागा अडते आहे ते आधी शोधायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. हे शोधणं अवघड नाही. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये गाडी उभी करून, फारशी हत्यारं न वापरता, कुणालाही जमेल.

मी इथे वायरवर चालणाऱ्या ॲक्सिलरेटरबद्दल लिहितो आहे. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, एस्टीम, पहिली सँट्रो, सुरुवातीच्या वॅगन-आर या सगळ्या त्याच जातीच्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपली तरी तपासणी करून ती पुढे ५ वर्षांसाठी वाढवून घेता येते, त्यामुळे मुंबईच्या जुन्या कॉलन्यांमध्ये यातल्या बऱ्याच गाड्या अजून रोज चालतात. आणि त्या चालाव्यात असं मला मनापासून वाटतं. पण ज्या गाडीचं पेडल पाय उचलल्यावर आपोआप वर येत नाही, ती गाडी रस्त्यावर काढायची नाही. "पायाच्या बोटाने वर ओढून घेतो, सवय झाली आहे" असं सांगणारे लोक मला भेटतात. ब्रेक नादुरुस्त असलेली गाडी जितकी धोक्याची, तितकीच ही आहे.

चालत्या गाडीत रेस अडकली तर

हे आधी सांगतो, कारण दुरुस्तीपेक्षा ते महत्त्वाचं आहे. ईस्टर्न एक्सप्रेसवर किंवा एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर तुम्ही पाय उचललात आणि गाडीचा वेग उतरलाच नाही, तर पहिलं काम गाडी न्यूट्रलला टाकायचं. क्लच दाबा, गिअर काढा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर एनवर न्या. इंजिन जोरात ओरडेल, ओरडू द्या. चाकांपर्यंत ताकद पोहोचणं थांबलेलं असतं.

मग ब्रेक एकदाच ठामपणे दाबा आणि दाबूनच धरा. सोड-दाब, सोड-दाब करू नका. ज्या गाड्यांत ब्रेक बूस्टर (ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) आहे, त्यात तो बूस्टर इंजिनच्या व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिन हवा ओढताना होणाऱ्या पोकळीवर, चालतो. रेस पूर्ण उघडी असताना हा व्हॅक्युम जवळजवळ नाहीसा होतो. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता साठा शिल्लक असतो, आणि पंप करत राहिलात की तो संपतो. मग पेडल दगडासारखं घट्ट लागतं.

धोक्याचे दिवे लावून डावीकडे या, गाडी थांबवा आणि लगेच किल्ली एक घर मागे फिरवून इंजिन बंद करा. कार्बोरेटरच्या इंजिनात फेरे मर्यादेत ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सोय नसते, त्यामुळे तिथे उशीर करू नये. गाडी पुरती थांबल्याशिवाय किल्ली बाहेर काढू नका, नाहीतर स्टीअरिंग लॉक होईल. आणि चालत्या गाडीत खाली वाकून हाताने पेडल ओढायला जाऊ नका. तेवढ्या वेळात समोर काय आलं ते दिसत नाही.

आत नक्की काय चालतं

पेट्रोल इंजिनात पेडल दाबून आपण पेट्रोल सोडत नाही, हवा सोडतो. इंजिनात हवा जाण्याच्या नळीत धातूची एक गोल चकती असते, आडव्या दांडीवर बसवलेली. मेकॅनिक तिला बटरफ्लाय म्हणतात. ही चकती, तिची दांडी आणि त्याभोवतीचा भाग मिळून थ्रॉटल बॉडी होते. कार्बोरेटरच्या गाडीत हीच चकती कार्बोरेटरच्या तळाशी असते. दांडीच्या टोकाला बाहेर एक अर्धगोल चाकी असते, तिच्यात ॲक्सिलरेटर वायरचं टोक अडकवलेलं. वायर तिथून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, रबरातून केबिनमध्ये येते आणि पेडलच्या वरच्या टोकाला जोडली जाते. सायकलच्या ब्रेकची वायर पाहिली असेल तर ही तशीच: बाहेर जाड नळी, आत पोलादी तार.

वायर फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे चकती बंद करण्याचं सगळं काम थ्रॉटलवरच्या परतीच्या स्प्रिंगचं. पाय उचलल्यावर ही स्प्रिंग चकती मिटते, वायर मागे ओढते आणि वायरबरोबर पेडल वर येतं. म्हणजे परतीच्या वाटेवर कुठेही घर्षण वाढलं तर एकट्या स्प्रिंगला त्याच्याशी झुंजावं लागतं. आपल्या पायात ताकद भरपूर असते, म्हणून जाताना अडथळा कळत नाही आणि येताना घात होतो.

पायाला काय जाणवतं ते नीट ऐका

तक्रार एकाच शब्दात सांगितली जाते, पण तिचे प्रकार वेगळे असतात. सिग्नल सुटल्यावर पेडल पहिल्या इंचात अडतं, थोडा जोर दिला की "टक्" करून सुटतं आणि गाडी उसळते; पुढे सगळं मऊ. असं असेल तर मी सर्वात आधी थ्रॉटलच्या चकतीभोवती जमलेल्या काजळीवर संशय घेईन. पेडल वरपासून खालपर्यंत जड लागतं आणि महिन्या-महिन्याने जास्त जड होत जातं, तर वायर. पाय उचलल्यावर रेस उतरते पण रेंगाळत उतरते, तर वायर, दांडी किंवा थकलेली स्प्रिंग. पेडल अगदी तळाला जाऊन तिथेच बसतं, तर आधी मॅट पाहा. गिअर टाकून जोर लावला की रेस स्वतःहून वाढते, तर इंजिन माउंटिंगचं रबर फाटलेलं असू शकतं. इंजिन कलतं आणि वायर ताणली जाते.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात लोक उगाच वायर बदलतात. पेडल पूर्ण वर आलेलं आहे, वायर ढिली आहे, तरी इंजिनचे फेरे चढलेलेच. इथे ॲक्सिलरेटर अडकलेलाच नसतो. कुठूनतरी चोरून हवा येत असते, फाटलेल्या व्हॅक्युम पाइपमधून किंवा बिघडलेल्या आयडल व्हॉल्व्हमधून (पेडल सोडलेलं असताना इंजिनला हवा देणारा), नाहीतर कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण परत गेलेला नसतो. एसी लावल्यावर फेरे किंचित वाढणं मात्र ठीक आहे. कॉम्प्रेसरचा भार पेलायला तशी रचनाच केलेली असते.

सुरुवात मॅटपासून

पावसाळ्यात आपल्याकडे मूळ कार्पेटवर रबरी मॅट, तिच्यावर पाणी टिपायला जुनी वर्तमानपत्रं, असे थर चढतात. वरची मॅट हळूहळू पुढे सरकते आणि दाबलेलं पेडल तिच्या काठात अडकतं. हे किरकोळ वाटेल, पण २००९-१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या, तेव्हा एक कारण नेमकं हेच होतं: मॅटमध्ये अडकणारं पेडल. दुसरं कारण होतं पेडलच्या आतल्या यंत्रणेत वाढलेलं घर्षण. इलेक्ट्रॉनिक्सवर खूप संशय घेतला गेला, नासाच्या अभियंत्यांनीही तपासणी केली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या अहवालात गाडी अशी सुसाट सोडू शकेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नसल्याचं सांगितलं गेलं. म्हणून मॅट काढा, वर्तमानपत्रं काढा, आणि मगच पुढची तपासणी करा. मॅट परत घालताना एकावर एक दोन घालू नका, आणि खालच्या हुकात ती बसली आहे ना ते पाहा.

तीन तुकडे वेगळे करा

आता खरी परीक्षा. इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक ओढलेला. पेडल पायाने नाही, हाताने दाबा. तळहाताला बारीक खरखरही कळते. सावकाश खाली न्या, सावकाश सोडा, मग एकदम सोडा.

मग बोनेट उघडा. हवेच्या फिल्टरपासून येणारा जाड पाइप जिथे इंजिनला मिळतो, तिथे ती अर्धगोल चाकी दिसेल. चाकी बोटांनी पूर्ण फिरवून धरा, म्हणजे वायर ढिली पडेल, आणि वायरचं टोक खाचेतून सोडवून घ्या. आता थ्रॉटल एका बाजूला सुटा झाला आणि वायर-पेडल दुसऱ्या बाजूला. चाकी हाताने फिरवा आणि सोडा. ती खटकन परत आदळली पाहिजे. सुरुवातीलाच चिकटत असेल तर काजळी. सगळीकडेच घासत असेल तर दांडी. थ्रॉटल स्वच्छ चालला तर सुटलेली वायर बोटांनी ओढा आणि आतून कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. शंका उरली तर वायर पेडलपासूनही काढा आणि नुसतं पेडल हलवून पाहा. तीनपैकी जो तुकडा कुरकुरतो, तो दोषी.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. इंजिन चालू असताना चकतीच्या मागे जोरदार व्हॅक्युम असतो आणि तो चकतीला ओढून धरतो. त्यामुळे थोडीशी काजळी इंजिन बंद असताना जाणवत नाही, चालू असताना जाणवते. बंद इंजिनावर सगळं ठीक वाटलं आणि सिग्नलला मात्र अडतंच आहे, तर थ्रॉटल निर्दोष समजू नका. पाइप काढून आत डोकावा.

काजळी येते कुठून

पिस्टनच्या कडेने थोडा जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळ भागात, उतरतो आणि तिथे ऑइलची वाफ घेतो. ही वाफ बाहेर सोडायची नसते म्हणून एका पाइपने ती परत हवेच्या वाटेत आणली जाते. ती थ्रॉटलवर चिकटते. इंजिन बंद केलं की खालची उष्णता वर चढते आणि तो थर भाजून घट्ट होतो. चकती मिटलेली असताना तिच्या आणि नळीच्या मधली फट केसाएवढी असते. थर नेमका त्याच कडेवर चढतो आणि चकती त्यात रुतते.

मुंबईत हे लवकर होतं. सायन ते बीकेसी एवढ्या अंतरात गाडी बराच वेळ आयडलिंगवर उभी असते, चकती जवळपास मिटलेलीच, आणि रोजचा प्रवास इतका छोटा की इंजिन मोकळं धावतच नाही. जिचे पिस्टन रिंग झिजले आहेत ती गाडी तर दुप्पट काजळी करते. ऑइल वेळेवर बदलणं हा इथे खरा उपचार आहे, सफाई नंतरची.

सफाईला थ्रॉटल क्लीनर किंवा कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, मऊ सुती फडकं, जुना टूथब्रश आणि हातमोजे पुरेत. काम उघड्यावर करा, तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही, कारण स्प्रे पेट घेतो. जवळ सिगारेट-उदबत्ती काही नको. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. हवेचा पाइप सोडवा, चकती हाताने उघडी धरा, आणि स्प्रे थेट नळीत ओतण्याऐवजी फडक्यावर मारून पुसा. चकतीच्या पुढची बाजू, मागची बाजू आणि मुख्य म्हणजे जिथे तिची कड नळीला टेकते ती गोल रेघ. दांडीच्या दोन्ही टोकांना स्प्रेचे एक-दोन फवारे द्या आणि चाकी पुढे-मागे फिरवा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, सँडपेपर अजिबात नको. काही थ्रॉटलवर कारखान्यातच पातळ लेप दिलेला असतो, तो खरवडला तर पुढे जास्त चिकटतं. पाइपमध्ये हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याच्यावर हा स्प्रे उडवू नका.

पहिल्यांदा चालू करताना इंजिन थोडं खोकतं, धूर येतो, मग शांत होतं. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिच्यात कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल सोडतात, आयडलिंग काही काळ चढलेलं राहू शकतं. काजळीमुळे हवा कमी पडत होती म्हणून ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) हिशेब बदलून ठेवलेला असतो. तो सहसा चालवता चालवता जागेवर येतो, नाहीतर गॅरेजमध्ये रीसेट करून घ्यावा लागतो.

चकती मिटल्यावर जिथे टेकते तिथे एक छोटा स्क्रू असतो. आयडलिंग कमी-जास्त करायला काही जण एमपीएफआय गाडीतही तोच फिरवतात. कृपया फिरवू देऊ नका. तो कारखान्यात बसवलेला असतो, चकती नळीत रुतू नये म्हणूनच. तो मागे घेतला की स्वच्छ थ्रॉटलही अडकायला लागतो, आणि मग कारण शोधता शोधता दमछाक होते. कार्बोरेटरवरचा आयडल स्क्रू वेगळा. तो फिरवण्यासाठीच असतो.

दांडीची भोकं झिजून चकती डुगडुगत असेल, तर सफाईने भागत नाही. नवीन बुश घालणं किंवा चांगला थ्रॉटल शोधणं एवढंच उरतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात. घेताना दांडी बोटांनी वर-खाली हलवून बघा, तीच झीज पुन्हा विकत घेऊ नका.

वायर दोषी निघाली तर

वायर पूर्ण काढा. इंजिनाकडचे दोन नट, फायरवॉलचं रबर, पेडलवरची क्लिप, एवढंच काम. दोन्ही टोकं उजेडात धरा. एक जरी धागा तुटून उभा राहिला असेल तर वायर फेकायची. तो धागा नळीच्या तोंडाशी अडकूनच रेस उघडी राहते. गंज, सायलेन्सरच्या उष्णतेने वितळलेली नळी, उंदरांनी कुरतडलेलं आवरण, कायमची पडलेली घडी, यांपैकी काहीही दिसलं तरी तेच. मारुतीसारख्या गाडीची वायर काही शे रुपयांत येते, तिच्यावर प्रयोग करण्यात अर्थ नाही.

पावसाचं पाणी वायरच्या तोंडातून आत शिरतं आणि गंज आतूनच वाढतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल, किंवा ती वरळी-वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहत असेल, तर पावसाळा संपल्यावर वायर आणि पेडल ज्यावर फिरतं ती खिळ एकदा पाहायलाच हवी. पेडलच्या खिळीला थोडं ग्रीस चालतं. वायरच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. बऱ्याच वायरींच्या नळीत आत प्लास्टिकचं अस्तर असतं आणि त्या कोरड्याच चालायच्या असतात. त्यात इंजिन ऑइल सोडलं की धूळ चिकटते आणि काही महिन्यांत आधीपेक्षा जड होते.

नवी वायर जुन्याच वाटेने न्या, कुठेही टोकदार वळण नको. पेडल सोडलेलं असताना वायरला काही मिलिमीटर ढील हवी, आणि पेडल तळाला टेकलं की चकती पूर्ण उघडायला हवी. एकाने आत बसून दाबायचं, दुसऱ्याने बोनेटखाली पाहायचं. फार ताणलेली वायर चकती पूर्ण मिटू देत नाही.

जादा स्प्रिंगचा जुगाड

रेस परत येत नाही म्हणून थ्रॉटलवर एक जादा स्प्रिंग लावून देतात. पेडल लगेच वर येऊ लागतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. मला हा उपाय धोकादायक वाटतो. घर्षण तसंच राहतं, वायरवरचा ताण वाढतो, तुटत आलेला धागा लवकर तुटतो. आणि आजाराची एकमेव खूण, म्हणजे रेंगाळणारं पेडल, दिसेनाशी होते. मूळ स्प्रिंग ढिली पडली असेल तर तशीच नवी घाला. काही गाड्यांत मुळातच दोन स्प्रिंगा असतात, एक तुटली तर दुसरीने चकती मिटावी म्हणून. त्यातली एक तुटलेली असेल तर पायाला फारसा फरक लागत नाही, म्हणून डोळ्यांनी मोजून घ्या.

प्रीमियर पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांत वायरऐवजी सळ्या आणि सांधे असतात. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा भरल्यावर रस्त्यावरून उतरली, पण हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजून आहेत. तिथे प्रत्येक सांधा स्वच्छ करून तेल देणं हीच दुरुस्ती. सीएनजीवर चालणाऱ्या कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक भानगड होते. पेट्रोल महिनोन्‌महिने वापरलं नाही तर कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल उडून चिकट थर मागे राहतो.

नव्या गाड्यांत वायरच नसते, पेडलखाली सेन्सर आणि थ्रॉटलवर मोटर. त्यांची चकती बोटाने ढकलू नका, आतले दाते मोडू शकतात.

गॅरेजलाच काम द्यायचं असेल तर "रेस अडकते" एवढ्यावर थांबू नका. कधी अडते ते सांगा: सुरुवातीला की तळाशी, थंड असताना की गरम झाल्यावर, जाताना की येताना. वायर सोडवून थ्रॉटल आपल्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. वायर बदललीच, तर जुनी परत मागून घ्या आणि आतली तार ओढून पाहा. ती गुळगुळीत सरकत असेल आणि एकही धागा तुटलेला नसेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी हवेचा पाइप काढायला लावा.